याच पोटासाठी

सम्राट अशोकाच्या मुदपाकखान्यात दोन मोर आणि एक हरीण मारलं जायचं. ही कुचाळकी त्याच्या शत्रूंनी लिहून ठेवलेली नाही, त्यानेच दगडावर कोरून घेतली आहे. पहिल्या शिलालेखात तो सांगतो की पूर्वी माझ्या स्वयंपाकघरात कालवणासाठी रोज लाखांनी जीव मारले जात. आता तीनच मारतात, दोन मोर आणि एक हरीण, आणि तेही हरीण नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असं तो शेवटी जोडतो. पण मी दर वेळी अडकते ती त्या 'हरीण नेहमी नाही'पाशी. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी. 'सगळं बंद केलं' असं ठोकून दिलं असतं तर त्याच्या चुलीपाशी जाऊन झाकण उघडून कोण बघणार होतं? तरी त्याने उरलेल्या हरणाचा हिशेब दिला.

अहिंसेवर पुष्कळ वाचायला मिळतं, त्यात असा हिशेब क्वचित सापडतो.

अशोक आम्हा कोकणवाल्यांना तसा परका नाही. त्याच्या लेखांचे दोन तुकडे उत्तर कोकणात सोपाऱ्याच्या परिसरात मिळाले. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना, आणि नवव्याचा १९५६ साली जवळच्या भुईगावात. आज नालासोपाऱ्याला लोकलमधून उतरताना जीव मुठीत धरावा लागतो. त्या काळी ते शूर्पारक नावाचं भरभराटीचं बंदर होतं. आठव्या लेखात तो म्हणतो की आधीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार करत. मी राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. नववा लेख जास्त गमतीचा. लोक आजारपणात, लग्नात, मूल झालं की, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, आणि त्यातही बायका फार नि बिनकामाचे करतात, असं सम्राटांचं मत. (आमच्या आज्यांनी याला बरंच सुनावलं असतं.) मग तो खरं मंगल कशात आहे ते सांगतो: दास आणि नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान, प्राण्यांच्या बाबतीत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. दास-नोकर आणि मुकी जनावरं एकाच दमात. हे लक्षात ठेवा, पुढे महाडला लागणार आहे.

मी मासे खाणाऱ्या घरातली आहे, मालवणच्या बाजूची. आमच्याकडे सोमवार शिवराक, म्हणजे मासे-मटण बंद. काही घरांत गुरुवारही. संकष्टी, एकादशी, अख्खा श्रावण. गणपती घरात असेपर्यंत तर प्रश्नच नाही. पण त्याच गणपतीच्या शेजारी गौर येऊन बसते आणि काही घरांत तिला तिखटा नैवेद्य लागतो. मग लेकाच्या आणि आईच्या मध्ये पडदा धरायचा, आईला वाढायचं, आणि पडदा बाजूला. देशावरची एक मैत्रीण हे ऐकून खूप हसली होती. तिचा सवाल सोपा होता. मासा मारणं वाईट असेल तर रोजच वाईट, नसेल तर सोमवारी का नाही? देवाला वार कळतात का?

देवाचं माहीत नाही. अशोकाला मात्र कळत होते. उत्तरेकडच्या स्तंभांवर त्याचा जो पाचवा लेख आहे, तो राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षानंतरचा, म्हणजे चांगला मुरल्यावरचा. त्यात न मारायच्या जीवांची लांबलचक यादी आहे: पोपट, मैना, हंस, वटवाघळं, कासवं, साळिंदर, एका जातीचे बिनकाट्याचे मासे. गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी, डुकरीण मारायची नाही, सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मारायचं नाही. जीवजंतू असलेला कोंडा जाळायचा नाही. उगाच रान पेटवायचं नाही. आणि ठरावीक पौर्णिमांना, चतुर्दशीला, उपोसथाच्या म्हणजे व्रताच्या दिवशी मासा मारायचाही नाही नि विकायचाही नाही. म्हणजे सम्राटाने मगधाच्या राज्याला वारच लावून दिले होते. बाकीच्या दिवशी कोळ्यांनी जाळं टाकायचं हे त्यात आपोआप आलं.

आशियातल्या धर्मांमध्ये ही हात आवरायच्या दिवसांची रीत जिकडेतिकडे दिसते. पारशी लोक बहमन महिन्यात मांस वर्ज्य करतात, कारण बहमन हा गुराढोरांचा राखणदार. महिन्याचे चार रोजही तसेच, बहमन, मोहोर, गोश आणि राम. अलिबागच्या बाजूला ज्यू येऊन वसले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटलं. त्यांच्या दहा आज्ञांमध्ये शब्बाथची विश्रांती मालकासोबत नोकराला आणि जनावरालाही सांगितली आहे. घाण्याच्या बैलाला धर्म ठाऊक असण्याचं कारण नाही, पण आठवड्यातून एक दिवस त्याचे डोळे बांधले जात नसत. जैन आणि बौद्ध भिक्षू पावसाळ्याचे महिने एका जागी राहायचे, कारण पहिल्या सरींबरोबर जमिनीतून जी जिवांची गर्दी वर येते ती पायाखाली चिरडू नये. कोकणात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जूनमध्ये अंगणात पाय टाकायचा म्हटलं तर वाणी, गोगलगायी आणि बेडकाची पिल्लं यांतून वाट काढावी लागते.

समुद्रालाही चातुर्मास आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. त्याची सरकारी कारणं दोन, खवळलेला दर्या आणि माशांचा विणीचा काळ. सरकारी बंदी नव्हती तेव्हाही होड्या शाकारून ठेवलेल्याच असायच्या आणि नारळी पुनवेला सोन्याचा नारळ दिल्याशिवाय पाण्यात उतरत नसत. यात भीती किती, सोय किती आणि माया किती हे वेगळं काढायला बसू नये. काढता येत नाही, आणि पोटात अंडी असलेल्या माशाला त्याने काही फरकही पडत नाही.

पोटावरून पूर्ण आठवला.

सोपाऱ्याचा पूर्ण, पालीतला पुण्ण. व्यापाऱ्याचा मुलगा, पण दासीच्या पोटी जन्मलेला. सावत्र भावांनी वाटणीत फसवलेला आणि तरी समुद्रावरच्या व्यापारात सगळ्यांपेक्षा मोठा झालेला. एका सफरीत त्याच्या जहाजावरचे श्रावस्तीचे व्यापारी पहाटे बुद्धवचनं म्हणत होते. ही कसली गाणी, असं त्याने विचारलं, आणि तिथून तो भिक्षू व्हायला निघाला. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात त्याची कथा जहाजासकट रंगवलेली आहे.

भिक्षू झाल्यावर त्याला परत आपल्या मुलखात यायचं होतं. पाली सुत्तातला तो संवाद प्रसिद्ध आहे. बुद्ध म्हणतो, तिकडची माणसं फार रागीट, फार कठोर आहेत. तुला शिव्या दिल्या तर? पूर्ण म्हणतो, मला वाटेल, भली माणसं आहेत, हात तर उगारला नाही. हात उगारला तर? ढेकळं तर मारली नाहीत. ढेकळं मारली तर? काठी नाही मारली. मग काठी, मग शस्त्र, आणि शेवटी जीवच घेतला तर? पूर्ण म्हणतो, शरीराला कंटाळून मारेकरी शोधत फिरणारे लोक असतात. मला तो न शोधता मिळाला म्हणेन. बुद्ध म्हणाला, जा.

आपल्याच किनाऱ्याच्या लोकांचं असं वर्णन अडीच हजार वर्षांपूर्वीच्या तोंडून ऐकताना मला कायम हसू येतं. आमच्याकडच्या एखाद्या बांधाच्या भांडणाला उभं राहा, शिवी ते काठी हा क्रम आजही तोच आहे.

पण या संवादापेक्षा मला संस्कृत अवदानातला पुढचा प्रसंग जवळचा वाटतो. पूर्ण त्या मुलखात पोचतो, सकाळी भिक्षेला निघतो. समोरून धनुष्य घेतलेला पारधी शिकारीला चाललेला. मुंडक्या संन्याशी आडवा आला, अपशकुन झाला म्हणून तो बाण लावून धावतो. पूर्ण पळत नाही, उपदेशही करत नाही. अंगावरचं वस्त्र बाजूला करतो, पोट उघडं करतो आणि सांगतो, इथे मार. याच पोटासाठी पाखरं रानात भटकतात, हरणं फासात जातात, माणसं लढाईत मरतात, बिचारे मासे लोखंडाचा गळ गिळतात. हे भरता न येणारं पोट घेऊनच मीही लांबून इथे आलोय.

म्हणजे हत्यार धरणारा, त्या हत्याराने मरणारा आणि समोर उभा असलेला भिकारी संन्यासी, तिघं एका पंगतीत. पारध्याचं धनुष्य खाली आलं ते या ओळखीने, असं मी समजते. 'तू पापी, मी शुद्ध' असं पूर्ण म्हणाला असता तर बाण सुटला असता, आणि मला वाटतं थोडा योग्यच सुटला असता. सोपाऱ्याचा स्तूप भगवानलालांनी उघडला तेव्हा दगडी करंड्याच्या आत एकात एक ठेवलेले करंडक निघाले आणि सगळ्यांत आत, सोन्याच्या डबीत, मातीच्या पात्राचे बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. इतर ठिकाणी अस्थी ठेवतात, इथे जेवणाचं भांडं ठेवलं.

आता त्या भांड्यात काय पडायचं हा प्रश्न. बुद्धाच्याच संघातल्या देवदत्ताने मागणी केली होती की भिक्षूंना मासे-मांस कायमचं बंद करा. बुद्धाने ती मानली नाही. जे आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तसा संशयही नाही, ते पात्रात पडलं तर खावं. भीक मागणाऱ्याने आवडीनिवडी सांगू नयेत इतपत मला हे पटतं. पण यातून एक पळवाटही निघते आणि आशियाभर ती मोठ्या आनंदाने वापरली गेली. खाणारा निर्दोष, दोष मारणाऱ्याचा. मांसविक्री हा उपासकाने न करायचा धंदा. म्हणजे ज्याने गळ टाकला, ज्याने सुरी धरली, त्याच्या माथी पाप, आणि ताटावर बसलेला मोकळा. कोळी, पारधी, खाटीक यांना गावाच्या कडेला बसवण्यात प्रत्येक धर्माच्या अहिंसेने थोडी थोडी मदत केली आहे. मुंबईत तर हे घरभाड्याच्या करारापर्यंत आलंय. मासे तळल्याचा वास आला म्हणून ज्यांच्याशी शेजारी बोलेनासे झाले अशी कुटुंबं मला माहीत आहेत. त्या शेजाऱ्यांच्या पाणी गाळून पिण्याबद्दल मला आदर आहे, खरंच आहे. जैन परंपरेने जिवाचा जितका बारीक विचार केला तितका दुसऱ्या कुणी केला नसेल. म्हणूनच तो विचार दाराबाहेरच्या पाटीवर येऊन संपतो तेव्हा वाईट वाटतं.

महाभारताला हा पेच ठाऊक होता. वनपर्वात कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकायला कुणाकडे पाठवतात, तर मिथिलेच्या बाजारात मांस विकत बसलेल्या व्याधाकडे. व्याध स्वतः मारत नाही, मांस विकतो; आणि ते चांगलं काम आहे असंही म्हणत नाही. तो फक्त विचारतो की नांगराच्या फाळाखाली किती जीव मरतात? चालताना किती? धान्याच्या दाण्यात जीव नाही का? हिंसेपासून पूर्ण सुटलेला कोण आहे ते दाखवा. ज्ञानोबांनी तेराव्या अध्यायात अहिंसेवर बोलताना हीच चौकशी पुढे नेली आहे आणि कुणालाच सोडलं नाही. यज्ञवाल्यांना नाही, जिवाला जीव देऊन औषध करणाऱ्या वैद्यांना नाही, पाणी गाळणाऱ्यांनाही नाही, कारण गाळण्यातच जीव तडफडून मेले. आणि हिंसेच्या भीतीने दाणाही न शिजवणाऱ्यांना नाही, कारण मग स्वतःचे प्राण कासावीस झाले, ती हिंसाच. एवढी झाडाझडती घेतल्यावर मग तो माणूस येतो जो 'कारुण्यामाजीं पाउलें । लपवूनि चाले'. पाऊल टाकतो तर आहेच. जायचं तर आहेच.

महाडला मी गंधारपाल्याची लेणी बघायला गेले होते. हमरस्त्याला लागूनच आहेत. वर चढून गेलं की खाली सावित्रीचं खोरं, आणि गावात चवदार तळं. या तळ्यावर गुरं पाणी पीत होती, कुत्री पीत होती, कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती अस्पृश्यांनी प्यायला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि महाडच्या परिषदेला जमलेले लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले, त्यानंतर देवळात शिरणार अशी आवई उठवून परिषदेच्या लोकांना मारहाण झाली. परिषदेला आलेल्यांत फौजेत राहून आलेली माणसं होती, त्यांना काठीला काठी लावणं अवघड नव्हतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. नंतर तळं पंचगव्य ओतून शुद्ध करण्यात आलं. भूतदयेचा केवढा पसारा असलेला तो समाज! गाईला चारा, मुंग्यांना साखर, कावळ्याला घास. दास आणि जनावर या दोघांना अशोकाने एका वाक्यात बसवलं होतं, आपण त्यातलं जनावर तेवढं उचललं.

आणि त्या दिवशी शिवीपासून काठीपर्यंत पूर्णाच्या कसोटीला खरी उतरली ती मार खाणारी माणसं. पुढे बाबासाहेबांनी आपल्या अखेरच्या ग्रंथात बुद्धाच्या अहिंसेबद्दल लिहिताना तत्त्व आणि नियम यांत फरक केला. मारण्याची इच्छा वेगळी, मारण्याची गरज वेगळी. बुद्धाने अहिंसेचा नियम केला नाही, तत्त्व सांगितलं. नियम पाळला की माणूस सुटतो. तत्त्व मात्र दर वेळी नव्याने विचार करायला लावतं. मासे खाणाऱ्या बाईला यातून सुटका मिळते असं कुणी समजू नये, उलट काम वाढतं.

आमच्या दर्यावर सध्या मारण्याची गरज किती आणि हाव किती, हे बघायला ग्रंथ लागत नाही. रात्री क्षितिजावर दिव्यांची शहरं उभी राहतात. एलईडीचा झोत टाकून मासळी गोळा करून उपसायला २०१७ पासून बंदी आहे. दिवे तरी दिसतात. होडीवरून मोठं जाळं टाकणारे पर्ससीनवाले आणि रापणवाले यांची भांडणं मालवणला जुनी आहेत. रापणीत किनाऱ्यावरून जाळं ओढायचं, जे किनाऱ्याशी आलं तेच मिळणार, आणि दोरीला हात लावणाऱ्याला वाटा. मोठ्या जाळ्यांत पापलेटाची तळहाताएवढी पिल्लंसुद्धा येतात आणि बाजारात विकलीही जातात. २०२३ साली राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान पकडायचा नाही. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मारू नये, हे स्तंभावर लिहिलं गेलं त्याला तेव्हा बावीसशेहून जास्त वर्षं झाली होती.

जपानमध्ये कायोई म्हणून एक व्हेलमाऱ्यांचं गाव आहे, यामागुची प्रांतात. तिथे १६९२ साली बांधलेली व्हेलची समाधी आहे. मारलेल्या मादीच्या पोटात पिल्लू निघालं की ते खायचं नाही, तिथे पुरायचं. माणसासारखं व्हेललाही मरणोत्तर बौद्ध नाव द्यायचं, देवळाच्या वहीत नोंद करायची. मारत होतेच, पिढ्यान्‌पिढ्या. ढोंग म्हणणारे म्हणोत. मला ती वही अशोकाच्या हरणाच्या जातीची वाटते.

आपल्याकडे वेळासला ही नोंदवही वेगळ्या तऱ्हेने लिहिली गेली. मंडणगड तालुक्यातलं हे गाव, बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवेही त्याच तालुक्यातलं. ऑलिव्ह रिडले कासवीण रात्री वाळूत येते, मागच्या पायांनी खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पिल्लांचं तोंड ती कधी बघत नाही. ही अंडी कोल्हे-कुत्री उकरायची, माणसंही काढून न्यायची, खायची, विकायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आता अंडी कुंपणाच्या आत पुरतात, वरून टोपली झाकतात, पिल्लं निघाली की पाण्याकडे सोडतात. ती बघायला पर्यटक येतात, गावात उतरतात, जेवतात, गावाला चार पैसे मिळतात. 'मग त्यात दया कसली, धंदाच की' असं म्हणणारा एक गृहस्थ मला तिथेच भेटला. त्याचं जेवण झालेलं होतं. मला तर उलट वाटतं की गावाच्या पोटाचा विचार केला म्हणून कासवांची राखण इतकी वर्षं टिकली. रिकाम्या पोटी माणसाने किती दिवस टोपल्या उचलून बघाव्यात?

खोल पाण्यातली गोष्ट वेगळी. तिथे पर्यटक नसतात. कासव, डॉल्फिन, देवमुशी जाळ्यात आली तर जाळं कापून सोडावी आणि नुकसानीपोटी पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळावी, अशी सरकारची योजना २०१८ च्या डिसेंबरपासून आहे. चांगली आहे. सोडतानाचे फोटो लावून अर्ज करायचा. आमच्या बंदरावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने मागच्या हंगामात असंच मोठं कासव सोडल्याचं कळलं, म्हणून मी मुद्दाम विचारायला गेले. ते फाटलेलं जाळं पायात धरून विणत बसले होते.

"तात्यानू, अर्ज केलात मा?"

"फोटो खंय असा? कासव सोडूक चार हात व्हये, माका दोनच. त्यातलो एक फोनार ठेवलंय तर ता माका घेवन बुडात."

"पण जाळा कापलात."

"मगे काय करतलंय? जिता होता ता." विणायची सुई त्यांनी तोंडात धरली, गाठ आवळली, सुई काढली. "आणि ता सोड. दोन सरंगे अर्धे खावन गेला ता माझे. त्येचो अर्ज खंय करूचो, ता सांग."